फलकावरचं नाव

माझं अक्षर चांगलं होतं. आयुष्यात माझ्या हातून जे सगळ्यांत वाईट घडलं ते त्याच अक्षरात घडलं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. एरवी मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. हेडक्लार्क माणूस, नऊला जायचं, साडेपाचला यायचं.

रेडीला एका खाणकंपनीचं ऑफिस होतं, तिथे मी साठ सालाच्या पुढेमागे काही वर्षं काढली. डोंगरातून लोखंडाची माती खाली यायची, बंदरावर तिचे ढीग पडायचे, बाया आणि पुरुष पाट्या भरभरून ती बार्जमध्ये ओतायचे आणि बार्ज ती बाहेर उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत न्यायचे. पावसाळा संपला की हंगाम सुरू, पुन्हा आभाळ भरलं की बंद. हंगामात आमच्या ऑफिसच्या खुर्च्या, वह्या, पाण्याचं मडकं, सगळं तांबडं व्हायचं. माझ्या बायकोने माझे पांढरे सदरे पांढरे करायचा नाद पहिल्याच वर्षी सोडला.

त्या ऑफिसात एक रोग होता आणि तो म्हणजे याद्या. पगाराच्या दिवशी खिडकी उघडायच्या आत कोणीतरी वहीचं पान घेऊन फिरायला लागायचा. एकाच्या गावच्या देवळाला कळस, दुसऱ्याच्या वाडीच्या शाळेला कौलं, तिसऱ्याच्या जत्रेत दशावतारी आणायचे, चौथ्याच्या मेव्हण्याचं घर जळलं. देणाऱ्याने नाही कसं म्हणायचं? यादी घेऊन येणारा उद्या आपल्याच शेजारी बसणार. एकदा तर एकाने शाळेच्या कौलांसाठी सगळ्यांकडून गोळा केलं आणि पुढे कळलं की त्या गावात शाळा मारुतीच्या देवळात भरते. तो गडी नंतर कामावर यायचाच बंद झाला. आमच्या मुंबईच्या मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, ‘‘हे बंद तरी करा किंवा नीट तरी करा. मला यातलं काही ऐकायचं नाही.’’

बंद करायची माझ्यात धमक नव्हती, म्हणून मी नीट केलं. दोन दिवस बसून नियम लिहिले. मदतीचा अर्ज लेखी हवा. ज्याच्यासाठी मदत, त्याचं पूर्ण नाव, गाव आणि कारण स्पष्ट हवं. आजारपण असेल तर डॉक्टरची चिठ्ठी हवी. मंजूर झालेला मजकूर गेटजवळच्या फलकावर सात दिवस लागेल आणि त्याची एक प्रत ऑफिसात राहील. पैसे फक्त ऑफिसच्या खिडकीवर द्यायचे, हातोहात कोणी गोळा करायचे नाहीत. जमलेली रक्कम ज्याच्या नावाने अर्ज असेल त्यालाच, त्याची सही किंवा अंगठा घेऊन मिळेल. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. साहेब वाचून म्हणाले, ‘‘अक्षर सुंदर आहे हो तुमचं.’’ मी महिनाभर त्या एका वाक्यावर खूश होतो.

नियमांमुळे याद्या थांबल्या. इतक्या थांबल्या, की वर्षभरात एकही अर्ज आला नाही. मला वाटलं, लबाडी संपली. आज कळतं, लोक मागायलाच घाबरले होते.

आमच्याकडे बार्जवर एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. चाळिशीचा असेल, रुंद हाडाचा, बोलायला कमी. बाहेर लाटा उसळत असताना बार्ज आगबोटीला लावायचा म्हणजे तोच लागायचा. त्या हंगामाच्या सुरुवातीला तो आठ दिवस आला, मग चार दिवस आला, मग यायचाच थांबला. खोकला होता एवढंच आम्हाला माहीत. त्याची बायको मासळी विकायची. सकाळी आमच्या वाडीतून पाटी घेऊन जायची आणि पहिली पाटी आमच्याच दारात उतरायची. माझ्या बायकोचं आणि तिचं चांगलं जमायचं. बांगड्याच्या भावावरून दोघी रोज भांडायच्या आणि शेवटी एक बांगडा वर पडायचा.

आमच्या ऑफिसचा शिपाई म्हणजे त्या तांडेलाचा मावसभाऊ. एका सकाळी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि हातातली टोपी फिरवायला लागला.

‘‘भाऊसाहेब, एक इचारूचा होता.’’

‘‘विचार.’’

‘‘तांडेलाचा दुखणा वाढला. वेंगुर्ल्याच्या डाक्टरान सांगितला, सा म्हयने सुयो घेवक होये. दूध, अंडी खावक होयी. निजान रवाक होया. क्षय आसा.’’ शेवटचा शब्द त्याने दाराकडे बघून, अगदी हळू उच्चारला.

‘‘मग अर्ज कर ना. नियम त्यासाठीच आहेत.’’

‘‘अर्ज नको, भाऊसाहेब. पगाराच्या दिवशी मी गेटीर एक पाटी ठेवतंय, वर फडको घालतंय. ज्येका जां टाकूचा तां तो टाकतलो. कोणाचा नाव नको, कायेक नको.’’

‘‘आणि लोक कशाला टाकतील? कोणासाठी ते न कळता?’’

‘‘कळता सगळ्यांका. आमच्या रापणीत असाच करतत.’’

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. आख्खी वाडी दोरीला लागते आणि ओढून झालं की वाळूवर मासळीचे वाटे पडतात. शिपायाने मला सांगितलं ते मालवणच्या बाजूला जन्म काढूनही मला माहीत नव्हतं. रापणीतला माणूस आजारी पडला तर त्याचा वाटा सगळ्यांच्या आधी काढून ठेवतात. कोणाचा ते मोठ्याने बोलत नाहीत. कोणीतरी उठतो आणि तो वाटा त्या घराच्या दारात पानावर ठेवून येतो. घरातलं माणूस उठून दार उघडतं, मासळी आत घेतं. कोणी ठेवली हे विचारत नाही. बरा होऊन तो माणूस परत दोरीला लागला तरी त्या गोष्टीचा उच्चार होत नाही.

मला ते ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याच क्षणी मला कौलांचा लबाड गडीही आठवला. झाकलेली पाटी म्हणजे पुन्हा तेच. मी मान हलवली.

‘‘नावाशिवाय होणार नाही. आज तू पाटी ठेवलीस, उद्या दहा जण ठेवतील. मी कोणाकोणाला तपासू?’’

‘‘भाऊसाहेब, तुमी नाव लिवलात, क्षय म्हणान लिवलात, तर तेची बायल मासळी कोणाक इकतली?’’

‘‘लोक एवढे काही वाईट नाहीत रे,’’ मी म्हणालो. ‘‘मदतच करतील.’’

तो टोपी घालून निघून गेला. मी साहेबांकडे जाऊन एक अपवाद मागू शकत होतो. साहेबांनी दिलाही असता, त्यांना यातलं काही ऐकायचंच नव्हतं. पण नियम माझा होता, आणि पहिल्याच अर्जाला मी वाकलो असतो तर लोक काय म्हणाले असते, ह्याचीच मला जास्त काळजी होती.

चार दिवसांनी शिपाई परत आला. डॉक्टरची चिठ्ठी आणली होती आणि तांडेलाचा अंगठा घेतलेला कोरा कागद. ‘‘तो म्हणता, लिवा,’’ एवढंच बोलला. मी त्याच्याकडे न बघता कागद घेतला. खाली कार्बन घातला, दौतीत टाक बुडवण्याऐवजी मुद्दाम नवी शिसपेन्सिल काढली म्हणजे दाबून लिहिता यावं, आणि तांडेलाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली गाव, वाडी, आजाराचं नाव. वाचणाऱ्याच्या मनाला लागेल असं एक वाक्यही माझ्या पदरचं घातलं. डॉक्टरची चिठ्ठी शिपायाला परत दिली आणि वरची प्रत मी स्वतः जाऊन फलकाला खिळ्याने ठोकली. फलक म्हणजे एक साधी फळी, पण ती अशा जागी होती की हजेरीला येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर उभा राहायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवलं.

संध्याकाळपर्यंत बंदर, बाजार, दोन्ही वाड्या, सगळीकडे झालं.

पैसे मात्र आले. एवढे येतील असं मला वाटलं नव्हतं. पाट्या उचलणाऱ्या बाया खिडकीशी येऊन पदराची गाठ सोडायच्या. बार्जवरचे खलाशी तर रांग लावून आले. मी घरी जाऊन बायकोला फुशारकीने सांगितलं, ‘‘बघ, नीट पद्धतीने मागितलं की माणसं कशी देतात!’’

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, ‘‘होय. पण तिच्याकडची मासळी नको आता. घरात ल्हान पोरा आसत.’’

मला इथे काहीतरी बोलायचं होतं. काय बोलायचं तेही मला कळत होतं. मी पाटावर बसलो आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेलाची बायको आली. अंगणातून हाक मारली. माझी बायको आतूनच म्हणाली, ‘‘आज नको गो, बाय.’’ तिसऱ्या दिवशीही ‘‘आज नको.’’ मी ओसरीवर दाढी करत होतो. आरशात मला ती दिसत होती, डोक्यावर पाटी, एक हात कमरेवर. तिने पाटी उतरवलीच नाही. चौथ्या दिवसापासून ती आमच्या बाजूला आलीच नाही. आमच्या एकाच घराने केलं असतं तर आपल्या घराला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण सगळ्यांनी तेच केलं. ज्यांनी खिडकीवर पैसे दिले त्यांनीच केलं. पुढे ती शिरोड्याच्या बाजाराला चालत जायची असं ऐकलं. तिथेही आठवड्याभरात बातमी पोचली. मग ती पाटी घेऊन बाहेर पडली की नाही, कोण जाणे.

पगार झाल्यावर जमलेली रक्कम पाकिटात घालून, पावती लिहून, शिपायाला बरोबर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. माडांच्या सावलीत लहानसं घर, पडवीत चटईवर तांडेल पडला होता. तो तोच माणूस आहे हे मला क्षणभर पटेना. अंगावरचं मांस कुठे गेलं होतं देव जाणे. त्याने मला बघून उठायचा प्रयत्न केला.

‘‘बसा, भाऊसाहेब. थोडे लांब बसा.’’

मी पाकीट पुढे केलं. सगळ्यांनी मनापासून दिलंय, उद्यापासून सुया सुरू कर, असं काहीबाही बोललो. त्याने पाकिटाकडे बघितलंही नाही.

‘‘माका वाटला, कागद सायबाच्या टेबलार जातलो,’’ तो म्हणाला. ‘‘सायब एकटो वाचतलो नि ठेवतलो. भिंतीर लावतले ह्यां माका कोणी सांगूक नाय.’’

‘‘नियमांत लिहिलंय ते,’’ मी म्हणालो. खरोखर हेच शब्द माझ्या तोंडून गेले.

‘‘तुमचे नेम माका खंय वाचूक येतत?’’

शिपायाने मान खाली घातली. मला वाटलं होतं त्याने सांगितलं असेल, त्याला वाटलं होतं सांगणं हे माझं काम आहे. दोघांनी मिळून एका माणसाला उघड्यावर आणून ठेवलं होतं.

‘‘ज्येनी दिल्यानी तेंच्यार माझो राग नाय,’’ तांडेल म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. ‘‘पण वाटो दारात ठेवतत, भाऊसाहेब. चवाट्यार नाव पुकारून देनत नाय. माका नको ह्यां.’’

त्याची बायको आतल्या दारात उभी होती. तिने प्रथमच तोंड उघडलं. ‘‘घेवा हो,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘झाला तां झाला. आता घेवा तरी. माझ्यासाठी घेवा.’’

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती माझ्याकडे बघायला लागली. तिने हात पुढे केला नव्हता, पण मी त्या वेळी ते पाकीट तिच्यासमोर ठेवलं असतं तर तिने घेतलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. शिपाई माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, तिच्याकडे देवा.’’ आणि मी, मला आजही स्वतःला चार थोबाडीत द्याव्याशा वाटतात, मी म्हणालो, ‘‘पावतीवर त्याचा अंगठा लागतो.’’ पाकीट खिशात घालून मी परत आलो. ऑफिसच्या तिजोरीत ठेवलं. मनाशी म्हटलं, आज ना उद्या राग शांत होईल, मग अंगठा देईल.

त्याने अंगठा दिला नाही. शिमग्याच्या आधी आठ दिवस तो गेला. बंदरावर त्या दिवशी बार्ज लावताना दुसऱ्या तांडेलाने दोनदा चूक केली आणि कोणीतरी पटकन गेलेल्याचं नाव घेतलं. मी खिडकीतून ऐकत होतो.

दिवसकार्य झाल्यावर मी शिपायाबरोबर त्याच्या बायकोला निरोप धाडला, आता अंगठ्याची गरज नाही, पैसे घेऊन जा. तिने परत निरोप पाठवला, ‘‘तेवा होये होते.’’ मग मी फलकावर सूचना लावली की ज्यांनी ज्यांनी दिले त्यांनी आपापले परत न्यावेत. कोणी येईना. एका पाटीवालीला मी हाक मारून विचारलं, तुझे का नेत नाहीस? ती म्हणाली, ‘‘काढलेलो वाटो परत घेनत नाय, भाऊसाहेब.’’ मी त्यांच्या रीतीने मागितलं नव्हतं, पण त्यांनी दिलं होतं मात्र त्यांच्याच रीतीने. ते पैसे आता कोणाचेच नव्हते. तिजोरी उघडली की पाकीट दिसायचं.

हंगामाच्या शेवटी साहेबांनी विचारलं, हे काय पडलंय? मी सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘‘कामगारांचेच पैसे आहेत, कामगारांच्याच उपयोगी पडू देत. गेटजवळचा तो फलक अगदी वाईट झालाय. एक चांगला करून घ्या, काचेचा.’’ मी हो म्हणालो. सावंतवाडीच्या सुताराकडून सागवानी चौकट आणि पुढे सरकती काच असलेला फलक आला. कुलूप आणि किल्ली होती, किल्ली माझ्याकडे. साहेबांच्या सांगण्यावरून पहिला कागद मी त्यात नियमांचा लावला, नव्याने लिहून.

जुनी फळी काढून व्हरांड्यात भिंतीला टेकवली होती. पुढच्या हंगामाच्या तोंडाला एका सकाळी ती विधवा ऑफिसात आली. पाटी नव्हती, हात रिकामे. मी उठून उभा राहिलो. का उठलो माहीत नाही, तिच्यासाठी आमच्या ऑफिसात कोणी उठलं नसतं.

‘‘तो कागद आसा?’’ तिने विचारलं.

होता. सात दिवसांनी मी काढायला हवा होता, पण काढला नव्हता. त्यावर हजेरीचे, सुट्टीचे, मजुरीचे कागद चढत गेले आणि तो खालीच राहिला. मी व्हरांड्यात गेलो, वरचे कागद एकेक करून उपटले. तो पिवळा पडला होता, कोपऱ्यांवर तांबडी धूळ बसली होती, पण अक्षर जसंच्या तसं होतं. खिळा काढून मी कागद तिच्या हातात दिला.

तिने तो उलटा धरला, मग सुलटा केला.

‘‘ह्येच्यात तेचा नाव खंय आसा?’’

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. इथून तिथपर्यंत, असं दाखवलं. तिने ती ओळ नखाने दाबून घडी घातली, थुंकी लावली आणि हळूहळू, एकही अक्षर तुटणार नाही अशी जपून फाडली. तो लांबट तुकडा दुमडून कमरेच्या पिशवीत ठेवला. उरलेला कागद माझ्यापुढे धरला.

‘‘नाव आमचा. बाकीचो कागद तुमचो.’’

मी तो घेतला. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, वळून म्हणाली, ‘‘आणि खंय लिवलेला नाय मा?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

ती गेटाबाहेर पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग आत आलो आणि कपाट उघडलं. कार्बनची निळी प्रत फाइलला लावलेली होती, पहिल्या ओळीत नाव, बापाच्या नावासकट, खाली माझी सही. मी ती सुतळीतून सोडवून हातात घेतली. फाडायला अर्धा क्षण लागला असता. मग मनात आलं, तपासणी झाली आणि कोणी प्रत मागितली तर काय दाखवायचं? मी ती परत लावली आणि फाइल बांधून ठेवली.

पुढे मी ती नोकरी सोडली तेव्हाही प्रत तिथेच होती. तपासणी कधी झाली नाही.